इंग्रजीतला भटका 'न'

नॉर्थ, ईस्ट, वेस्ट आणि साउथ या चार दिशांची आद्याक्षरे जुळवून 'न्यूज' हा शब्द तयार झाला, असे सांगणारा संदेश व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरून येतोच. स्पष्टीकरण दिसायला चोख आहे, पण खरे नाही. 'न्यू' या विशेषणाला अनेकवचनाचा प्रत्यय लागून, फ्रेंचमधल्या 'नूव्हेल'च्या धर्तीवर, मध्ययुगीन इंग्रजीत हा शब्द घडला आणि 'नव्या गोष्टी' एवढाच त्याचा सरळ अर्थ आहे. आद्याक्षरे जोडून बोलण्यातला शब्द बनवण्याची रीत मुळात विसाव्या शतकात रुजली. त्यामुळे त्याआधीच्या एखाद्या शब्दाला कोणी आद्याक्षरांची कथा चिकटवली, की मी ती बेलाशक बाजूला ठेवतो. अशा बनावट कथा मला खटकतात, कारण शब्दांचा खरा इतिहास त्यांच्यापेक्षा कितीतरी गमतीदार असतो आणि तो बहुधा कोणाच्या हुशारीतून नव्हे, तर ऐकण्यातल्या घोटाळ्यातून घडलेला असतो.

अशा घोटाळ्यांपैकी माझा सर्वांत आवडता घोटाळा 'न'चा आहे. स्वराने सुरू होणाऱ्या नामाआधी 'अ'ऐवजी 'ॲन' लावायचे, असे आपण शाळेत शिकतो; इतिहास मात्र उलट दिशेने घडला आहे. मूळ रूप 'ॲन'च, म्हणजे 'वन' या संख्यावाचकाचेच हलके रूप. पुढे व्यंजनापूर्वी त्यातला 'न' गळत गेला आणि 'अ' उरला. 'माइन' आणि 'माय' यांचेही तसेच. शब्द कानाने शिकायचे, लिहिणे-वाचणे मोजक्यांनाच येणार आणि छापखाना तर विल्यम कॅक्स्टनने वेस्टमिन्स्टरला १४७६ साली आणला, अशा काळात दोन शब्दांच्या मधला 'न' मागच्याचा की पुढच्याचा हे ठरवायचे कसे? मग ज्याला जसे वाटले तसे त्याने तोडले, आणि काही शब्दांच्या बाबतीत चुकीची तोडच रूढ झाली.

'अंपायर' हा त्यातला आपल्या रोजच्या ओळखीचा शब्द. जुन्या फ्रेंचमध्ये 'नॉनपेर' असा शब्द होता. 'नॉन' म्हणजे नाही आणि 'पेर' म्हणजे समान. मराठीत त्याला 'विषम' हा नेमका प्रतिशब्द आहे, कारण 'सारखा नसलेला' आणि 'जोडीत न बसणारा' हे दोन्ही अर्थ त्यात येतात. दोघांचे पटले नाही तर निवाडा करायला बसवायचा तिसरा, जोडीबाहेरचा माणूस तो 'नॉनपेर'. इंग्रजीत आल्यावर त्याचे 'नूंपेर' झाले. चौदाव्या शतकातल्या 'पिअर्स प्लाउमन' या दीर्घ काव्यात हा माणूस प्रत्यक्ष भेटतो. प्रसंग बिअरच्या गुत्त्यातला आहे. क्लेमंट नावाचा चांभार आपला झगा पुढे टाकतो, हिक नावाचा घोडेवाला आपले शिरोवस्त्र टाकतो, आणि दोन्ही वस्तूंची अदलाबदल करताना कोणी किती वरकड द्यायचे यावरून शपथांवर शपथा सुरू होतात. मंडळींचे काही केल्या एकमत होईना, तेव्हा ते रॉबिन नावाच्या दोरखंडवाल्याला उठवतात आणि तंटा होऊ नये म्हणून त्याला 'नूंपेर' नेमतात. झगा हिकला मिळतो. क्लेमंटच्या वाट्याला ते शिरोवस्त्र आणि वर प्यालाभर दारू येते. त्या गुत्त्यात 'अ नूंपेर' असलेला हा माणूस पुढे लोकांच्या तोंडी 'ॲन ऊंपेर' झाला आणि अखेर क्रिकेटच्या मैदानावर जाऊन उभा राहिला. मूळ अर्थातच 'तिसरा' दडलेला असल्यामुळे 'थर्ड अंपायर' ही शब्दयोजना व्युत्पत्तीच्या दृष्टीने द्विरुक्तीच म्हणावी लागेल, पण तसे बोलून दाखवणारा माणूस सामना पाहताना कोणालाच नको असतो.

'एप्रन'चा प्रवासही असाच झाला. फ्रेंचमध्ये 'नाप' म्हणजे मेजावर अंथरायचे कापड, आणि त्याचे लघुरूप 'नापरों'. 'अ नॅप्रन'चे 'ॲन एप्रन' झाले आणि 'न' गेला तो गेलाच. मात्र त्याच घराण्यातल्या 'नॅपकिन'ने आपला 'न' शाबूत राखला. दोघांचे मूळ लॅटिन 'माप्पा', म्हणजे कापड, आणि जगाचा आराखडा कापडावर काढत असत म्हणून 'मॅप'ही त्याच मुळाचा. आपल्याकडे वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाला शिवून घेतात तो पांढरा डगला 'एप्रन' म्हणूनच ओळखला जातो. स्वयंपाकघरातून दवाखान्यात झालेली ही बढती इंग्लंडमधल्या माणसाला चटकन कळणार नाही, कारण त्याच्या लेखी एप्रन कमरेभोवती बांधायचा असतो.

सापाचा एक विषारी प्रकार असलेला 'ॲडर' जुन्या इंग्रजीत 'नॅड्रे' होता. जर्मनमध्ये त्याच घराण्यातला 'नाटर' हा शब्द आजही 'न'सकट नांदतो. उलट दिशेचा प्रवासही झाला. पाण्याकाठी राहणारा, पालीसारखा दिसणारा उभयचर प्राणी 'न्यूट' हा मूळचा 'यूट'. 'ॲन'मधला 'न' त्याने पळवला. 'निकनेम'ही तसाच. 'ईक' म्हणजे भर, जादा. 'ईकनेम' म्हणजे जादा नाव, आणि 'ॲन ईकनेम'चे पुढे 'अ नीकनेम' झाले. तो 'ईक' एकटा मरून गेला असला तरी तुटपुंजे पुरवून पुरवून वापरण्याला इंग्रजीत 'ईक आउट' म्हणतात, त्यात त्याची धुगधुगी शिल्लक आहे. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'मधला विदूषक राजाला 'नंकल' म्हणतो, तो 'माइन अंकल'मधून 'न' उचलूनच.

हे सारे ठामपणे सांगता येते, याचे श्रेय ज्या कामाला जाते ते फार चिकाटीचे होते. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटी या भाषाभ्यासकांच्या संस्थेने १८५७ साली इंग्रजीच्या नव्या कोशाचा, म्हणजे आजच्या ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीचा, विचार मांडला आणि १८७९ पासून जेम्स मरे यांनी त्याचे संपादन हाती घेतले. आपल्या बागेत उभारलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसून ते जगभरातल्या स्वयंसेवक वाचकांनी पाठवलेल्या चिठ्ठ्या लावत असत. चिठ्ठीच्या डाव्या कोपऱ्यात शब्द, खाली साल, लेखक, ग्रंथ, आणि मग तो शब्द ज्यात आला ते वाक्य जसेच्या तसे उतरवलेले असे. अशा चिठ्ठ्या सालवार मांडल्या की एका शतकात 'न' आहे, पुढच्यात दोन्ही रूपे आहेत आणि त्यापुढच्यात 'न' नाही, हे डोळ्यांनी दिसते. पहिला भाग १८८४ साली 'ए'पासून 'ॲन्ट'पर्यंतचा निघाला, त्यात 'ॲडर' येऊन गेला. मरे १९१५ साली वारले. कोश पुरा व्हायला १९२८ उजाडले.

या यादीत 'ऑरेंज'ही हटकून घातला जातो, आणि तो तिथे बसत नाही. हा शब्द आपल्याकडूनच गेला. संस्कृतात 'नारङ्ग', मराठीत 'नारिंग', फारसीत 'नारंग', अरबीत 'नारंज', आणि अरबांबरोबर स्पेनला पोहोचल्यावर 'नारांहा'. स्पॅनिशने 'न' आजही जपला आहे, तर पोर्तुगिजांनी त्याचा 'ल' करून 'लारांजा' केला. फ्रेंचमध्ये मात्र तो 'ओरेंज' झाला आणि इंग्रजांना चौदाव्या शतकात मिळाला तो 'न' गमावलेलाच शब्द. 'अ नॉरेंज'चे 'ॲन ऑरेंज' इंग्रजांनी केले, ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

मराठीतून इंग्रजीत गेलेला 'मुंगूस' 'न'च्या फेऱ्यातून सुटला, तरी कानाच्या घोटाळ्यातून सुटला नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजी लेखनात दिसू लागतो, आणि शेवटच्या 'गूस'मध्ये इंग्रजांना आपल्या ओळखीचा हंसाच्या जातीचा पक्षी ऐकू आल्यामुळे स्पेलिंगही त्या पक्ष्याच्या नावासारखेच ठरले. त्या पक्ष्याचे अनेकवचन 'गीस' होते, म्हणून 'मंगीस' म्हणणारे इंग्रजीभाषक आजही भेटतात. कोशातले रूढ अनेकवचन मात्र 'मंगूसेस' आहे.