बटणामागचा हिशोब

मिरजेतल्या एका औषध स्टॉकिस्टसाठी, म्हणजे मेडिकल दुकानांना माल पुरवणाऱ्या घाऊक व्यापाऱ्यासाठी, मी २०१३ मध्ये बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहिलं. सी शार्प ही प्रोग्रॅमिंगची भाषा, विनफॉर्म्स ही विंडोजवर फॉर्म आणि बटणं बनवायची सोय, काउंटरवरच्या विंडोज मशीनवर चालणारं. तिथले काका माऊसला हातही न लावता त्यावर दिवसाला दोन-अडीचशे बिलं काढतात. २०२४ मध्ये शेठ म्हणाले, "आमची पोरं मेडिकलवाल्यांकडं जाऊन वहीत ऑर्डर लिहून आणतात. ती मोबाइलवरच घेता आली पाहिजे, आणि किती रुपये झाले ते दुकानदाराला तिथंच दिसलं पाहिजे."

मी वेबचं पान बनवलं आणि हिशोब जावास्क्रिप्टमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या भाषेत, नव्यानं लिहिला. जुना हिशोब बिलाच्या फॉर्मवर 'सेव्ह' बटणाच्या आत होता, टेक्स्टबॉक्समधून आकडे उचलणारा. तो तिथून सोडवायला वेळ लागला असता म्हणून हा जवळचा रस्ता धरला. तिसऱ्या दिवशी काकांचा फोन आला. "ऑर्डरवर एक रक्कम, बिलावर दुसरी. दोन पैशांचा फरक आहे. दुकानदार विचारतोय, खरी कुठली धरायची?"

त्या ओळीत ११८.७५ रुपयांचा माल होता, तेव्हाच्या दरानं १२ टक्के जीएसटी. सीजीएसटी ६ टक्के, म्हणजे ७.१२५ रुपये, आणि एसजीएसटी तेवढाच. जावास्क्रिप्टनं त्याचे ७.१३ केले. सी शार्पच्या मॅथ.राउंड या राउंड ऑफ करणाऱ्या फंक्शननं ७.१२ केले, कारण वेगळं काही सांगितलं नाही तर बरोबर मधोमध आलेला आकडा ते जवळच्या सम आकड्याकडं नेतं. दोन्ही करांचे मिळून एकीकडं १४.२६, दुसरीकडं १४.२४.

मग लक्षात आलं की बिलाच्या एकूण रकमेवरही हेच होत असणार. १२४९.५० चे १२५० होतात, पण १२४८.५० चे १२४८. काकांना विचारलं तर ते सहज म्हणाले, "हो, कधीकधी पन्नास पैसे खाली जातात. मी राउंड ऑफच्या रकान्यात हातानं नीट करतो." अकरा वर्षं ते हे करत होते. सॉफ्टवेअर असंच असतं, अशी त्यांची समजूत होती. ऐकून मला फार वाईट वाटलं. त्याच दिवशी ठरवलं, हिशोब एकाच ठिकाणी राहील आणि दोन्ही स्क्रीन त्यालाच विचारतील.

सगळा हिशोब सर्व्हरवर ठेवून काउंटरनंही तिथं विचारायचं, हा एक पर्याय होता. पण नेट गेलं म्हणून काउंटर थांबणं त्या धंद्यात चालत नाही, आणि नेट जातंच. म्हणून हिशोबाची लायब्ररी, म्हणजे दोन्ही प्रोग्रॅमना वापरता येईल असा कोडचा गठ्ठा, वेगळी काढली. काउंटरची दोन मशीन अजून विंडोज ७ वर आहेत, त्यांच्यावर डॉट नेट ८, म्हणजे सी शार्पचे प्रोग्रॅम चालवणारी नंतरची यंत्रणा, चालत नाही. लायब्ररी डॉट नेट स्टँडर्ड २.० या दोन्हीकडं चालणाऱ्या साच्यावर बांधली, की काउंटरवरचं जुनं डॉट नेट फ्रेमवर्क ४.७.२ आणि वेबचं डॉट नेट ८ दोघंही तीच डीएलएल, म्हणजे लायब्ररीची तयार फाइल, वापरतात. ब्राउझरमधली बेरीज-वजाबाकी पूर्ण काढून टाकली. तो आता सर्व्हरला विचारतो आणि आलेला आकडा दाखवतो.

खरी मेहनत जुना हिशोब फॉर्ममधून सोडवण्यात गेली. हिशोबाच्या मधोमध मेसेजबॉक्स, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्या छोट्या खिडक्या, होते: "या बॅचची एक्सपायरी जवळ आहे. तरी बिल करायचं?" वेब सर्व्हरवर हा प्रश्न कोणाला विचारणार? लायब्ररीला विनफॉर्म्स माहीतच नसतं, त्यामुळं अशा प्रत्येक जागेवर कोड तपासून त्याचा प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपायलरनंच बोट ठेवलं. मी हिशोबाचं उत्तर दोन भागांत परत द्यायला लागलो: रक्कम आणि इशारे. काउंटर तो इशारा जुन्यासारखाच खिडकीत दाखवतो, मोबाइल लाल पट्टीत. माणूस 'हो' म्हणाला की तेवढी संमती जोडून तोच हिशोब पुन्हा बोलवायचा.

कंपायलरला न दिसलेली एक गोष्ट मात्र धोक्याची निघाली. चालू ग्राहक मी स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये, म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमला मिळून असलेल्या एकाच जागेत, ठेवला होता. काउंटरवर एका मशीनपुढं एकच माणूस, तिथं ते कधी नडलं नाही. सर्व्हरवर एकाच प्रोसेसमधून सगळी पोरं काम करतात. दोन मोबाइल हातात घेऊन एकदम 'सेव्ह' दाबून पाहिलं, तर एका दुकानाच्या ऑर्डरला दुसऱ्या दुकानाची सवलत लागली. चाचणीतच सापडलं म्हणून निभावलं. तेव्हापासून लायब्ररीत काही 'चालू' नाही. ग्राहक, तारीख, आर्थिक वर्ष, जे लागेल ते बोलावणाऱ्यानं हातात द्यायचं.

बदलण्याआधी एका आख्ख्या आर्थिक वर्षाची बिलं नव्या लायब्ररीतून चालवली आणि पैशापर्यंत ताडून पाहिली. जिथं फरक आला ते प्रत्येक बिल काकांपुढं ठेवलं. काही ठिकाणी जुनं चुकलं होतं, काही ठिकाणी मी. १०+१ स्कीममध्ये, म्हणजे दहावर एक फुकट असताना, माल परत आला तर फुकटची गोळी कशी मोजायची, हे मला त्या बिलांमुळंच नीट कळलं.

२२ सप्टेंबर २०२५ ला बहुतेक औषधं १२ टक्क्यांवरून ५ वर आली, काही शून्यावर. आदल्या रविवारी दरांच्या तक्त्यात नव्या तारखेच्या ओळी भरल्या, कोडला हात लावला नाही. सोमवारी सकाळी ऑगस्टच्या बिलातला माल परत आला. त्याच्या क्रेडिट नोटला, म्हणजे परत आलेल्या मालाची रक्कम वळती करणाऱ्या कागदाला, मूळ बिलाचा १२ टक्के दर लागायला हवा होता, आणि लागला. पुढच्याच नव्या बिलाला ५ लागला. मोबाइलवर आणि काउंटरवर रक्कम एकच होती. दुपारी काकांनी फोन करून सांगितलं, राउंड ऑफचा रकाना आता बंद करून टाक, नाहीतर सवयीनं हात जातो.