आर-स्क्वेअर ०.८१, तरी तपासणी नमुना अचूक

कॅलिब्रेशनची, म्हणजे ज्ञात तीव्रतेच्या द्रावणांवरून यंत्राचं वाचन आणि तीव्रता यांचं नातं ठरवण्याची, एक एक्सेल फाइल माझ्याकडे तपासायला आली होती. तक्रार विचित्र होती. लिटरला ४ मिलिग्रॅमचा ज्ञात नमुना (तपासणी नमुना) अगदी बरोबर येतो, पण सौम्य नमुने फुगून येतात आणि तीव्र नमुने दबून. यंत्राचा दिवा, क्युव्हेट (नमुना ठेवायचं पारदर्शक भांडं), द्रावणं या सगळ्यांवर संशय घेऊन झाला होता. आलेखावर मात्र नाही, कारण त्यावर समीकरण छापलेलं होतं आणि छापलेल्या समीकरणावर माणूस फार पटकन विश्वास ठेवतो.

प्रमाण द्रावणं (तीव्रता आधीच माहीत असलेली) ०, ०.५, १, २, ५ आणि १० मिलिग्रॅम प्रति लिटर. त्यांचे अ‍ॅब्सॉर्बन्स (द्रावण किती प्रकाश शोषतं त्याचं माप) अनुक्रमे ०.००२, ०.०३१, ०.०६१, ०.१२०, ०.३०२ आणि ०.६००. हे आकडे नुसते वाचले तरी सरळ रेषा दिसते: दर मिलिग्रॅमला साधारण ०.०६. पण आलेखातली रेषा वर वळत गेलेली, ट्रेंडलाइनचं (बिंदूंवर बसवलेल्या सरळ रेषेचं) समीकरण वाय = ०.११०३ एक्स − ०.२००२ आणि आर-स्क्वेअर (रेषा बिंदूंशी किती जुळते ते; १ म्हणजे पूर्ण) ०.८१. उतार जवळजवळ दुप्पट!

आलेख 'लाइन' प्रकारचा होता. लाइन चार्टला आडव्या अक्षावरचे आकडे म्हणजे नुसती लेबलं. १ आणि २ मध्ये जेवढं अंतर, तेवढंच ५ आणि १० मध्ये. ट्रेंडलाइनही ती लेबलं वाचत नाही, एक्सच्या जागी १, २, ३, ४, ५, ६ धरते. लिब्रेऑफिस कॅल्कमध्येही हेच होतं. आता ४ चा नमुना बरोबर का आला? ही चुकीची रेषा आणि खरी रेषा एकमेकींना नेमक्या ४ च्या आसपास छेदतात. ०.२४१ अ‍ॅब्सॉर्बन्सला दोन्हींकडून ४.०० मिळतं. ०.०९० ला मात्र चुकीची रेषा २.६३ सांगते, खरं उत्तर १.४८. तपासणी नमुना एकच ठेवला की असा योगायोग पचून जातो.

उपाय सोपा वाटला: चार्टवर राइट-क्लिक, 'चेंज चार्ट टाइप', 'स्कॅटर', फक्त बिंदूंचा. पण बिंदू जागचे हलले नाहीत. मोठ्यात मोठी तीव्रता १० असताना अक्ष ७ वर संपत होता. या खुणेचा अर्थ एकच: एक्सच्या रकान्यात कुठेतरी आकड्याऐवजी मजकूर आहे. असा एक सेल असला तरी एक्सेल अख्खा रकाना टाकून देतं आणि पुन्हा १, २, ३ मोजतं, तेही कसलीही सूचना न देता. एरवी मजकूर सेलच्या डावीकडे चिकटतो म्हणून ओळखू येतो. इथे रकाना मध्यभागी अलाइन केलेला होता, त्यामुळे तीही खूण गेली. (सेल सुबक दिसावेत म्हणून मध्यभागी आणण्याची हौस आकड्यांच्या रकान्यात तरी करू नये.) शेजारी इझनंबर फंक्शन (सेलमध्ये खरंच आकडा आहे का ते सांगणारं) लावून खाली ओढलं, तर ०.५ च्या सेलपुढे 'फॉल्स'. दुसरीकडून पेस्ट करताना आकड्यामागे न तुटणारी स्पेस आली होती, कोड १६०. जादा स्पेस काढणारं ट्रिम फंक्शन फक्त कोड ३२ ची साधी स्पेस काढतं, ही तशीच राहते. सेलमधूनच ती कॉपी करून 'फाइंड अँड रिप्लेस'च्या 'फाइंड'मध्ये टाकायची, 'रिप्लेस' रिकामं ठेवायचं. सेलचं फॉरमॅट 'टेक्स्ट' असेल तर आधी 'जनरल' करावं, नाहीतर स्पेस जाऊनही मजकूर मजकूरच राहतो.

मग बिंदू एका ओळीत आले: वाय = ०.०५९९ एक्स + ०.००१३, आर-स्क्वेअर १. हा १ म्हणजे खरं तर ०.९९९९९, लेबलने गोळाबेरीज केलेला. म्हणून लेबलवरचे आकडे हिशेबात घेऊ नयेत. फारच गरज असेल तर 'फॉरमॅट ट्रेंडलाइन लेबल'मधून दशांश स्थळं वाढवावीत. उतार आणि छेद (एक्स शून्य असताना वायची किंमत) लाइनएस्ट या रेषा बसवणाऱ्या फंक्शनने थेट सेलमध्ये आणावेत. त्याचा आणखी एक फायदा: रकान्यात मजकूर असला की लाइनएस्ट व्हॅल्यू एरर देऊन ओरडतं. नुसता उतार देणारं स्लोप फंक्शन तसं करत नाही, ती जोडी गुपचूप वगळून उरलेल्यांचा उतार देतं.

शेवटी फाइलमध्ये एक रकाना वाढवला: प्रत्येक प्रमाण द्रावणाचं अ‍ॅब्सॉर्बन्स त्याच समीकरणात उलटं घालून आलेली तीव्रता. नव्या रेषेने ०.५०, १.००, १.९८, ५.०२, ९.९९ आणि कोऱ्या (० तीव्रतेच्या) द्रावणाला ०.०१ दिलं. जुन्या रेषेने त्याच कोऱ्या द्रावणात १.८३ मिलिग्रॅम दाखवले असते.