सांध्याच्या आत रंग कसा गेला?

डिकीला लावायचा सायकल रॅक चालत्या गाडीवर तुटला, तर नुकसान रॅकच्या किमतीपुरते राहत नाही. विक्रेता मात्र बोलणी त्या किमतीपुरतीच ठेवू पाहतो. आमच्या बाबतीत नेमके हेच घडले.

चोर्ला रस्त्याने जांबोटीकडे जाताना एका गतिरोधकानंतर रॅकचा डावा हात मुळातून तुटला. धाकट्या भावाची सायकल पट्ट्यांना लोंबकळत रस्त्यावर घासत गेली. फ्रेमला चीर पडली, चाक वाकले आणि गाडीचा बंपर फुटला. मागून येणाऱ्या दुचाकीवर नवरा-बायको आणि त्यांचे लहान मूल होते. दुचाकीस्वाराने वेळीच ब्रेक लावला म्हणून अनर्थ टळला. पुढे मी या प्रकरणाचा पिच्छा सोडला नाही, तो मुख्यतः त्या मुलामुळे.

कंपनीने कळवले की, रॅक चुकीचा बसवला असावा किंवा जादा वजन लादले असावे. तरीही सदिच्छा म्हणून किंमत परत करू, रॅक कुरिअरने पाठवून द्यावा. तुटलेला भाग न पाहताच हा निष्कर्ष काढलेला होता. रॅक पाठवायचा नाही, हे आम्ही तेव्हाच ठरवले, कारण ग्राहकाच्या हाती खरा पुरावा तेवढाच असतो.

बेळगावात फाउंड्री आणि मशीन शॉप भरपूर असल्यामुळे लोखंड वाचणारी माणसे शोधायला लांब जावे लागत नाही. उद्यमबागेत फॅब्रिकेशनचे काम करणाऱ्या ओळखीच्या मामांनी तुटलेली नळी उजेडात धरली आणि म्हणाले, "वेल्डिंग आत गेलंच नाही बघा. नुसतं वरून फिरवलंय." नळीची कापलेली कड करवतीच्या खुणांसह शाबूत होती, म्हणजे धातू वितळून एकजीव झालाच नव्हता. त्याहून महत्त्वाची गोष्ट त्यांनी नखाने खरवडून दाखवली. त्या कडेवर काळे पावडर कोटिंग चढलेले होते. हा रंग कारखान्यात चढतो, आणि तो सांध्याच्या आत पोहोचला, याचा अर्थ फट रंगकामाच्या आधीपासूनच होती. रॅक कोणी कसाही बसवला असता, तरी ती फट त्यामुळे पडली नसती.

मोजपट्टी ठेवून जवळून फोटो काढले, सायकलींचे वजन काट्यावर करून ते लेबलवरील मर्यादेत असल्याचे नोंदवले आणि दुरुस्तीची कोटेशने घेतली. मग सविस्तर पत्र लिहिले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ८४ नुसार निर्मितीतील दोषामुळे झालेल्या हानीला उत्पादक जबाबदार असतो, आणि या कायद्यातील 'हानी' म्हणजे त्या वस्तूव्यतिरिक्त इतर मालमत्तेचे झालेले नुकसानही होय. त्यामुळे सायकल आणि बंपर यांची भरपाई एका मुद्द्याखाली आणि रॅकची किंमत सदोष माल म्हणून दुसऱ्या मुद्द्याखाली मागितली. गैरवापर किंवा फेरफार झाला असल्यास कलम ८७ विक्रेत्याला सूट देते. 'चुकीचा बसवला' हे पालुपद तिथूनच येते, म्हणून त्याचे उत्तर फोटोंसह आधीच देऊन टाकले. कंपनी परराज्यातली असली तरी ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि वकील देण्याची सक्ती नाही, हेही त्यात नमूद केले.

त्या पत्रानंतर कंपनीची भाषा बदलली. फ्रेम, चाक आणि बंपर यांचा खर्च मिळाला. मात्र रॅक परत करून यापुढे कोठेही तक्रार करणार नाही, असे लिहून द्यावे, ही अट त्यांनी घातली होती. पैसे मिळाल्याची पावती मी दिली, बाकीचे नाकारले. तोच रॅक अजूनही विकला जात आहे. धोकादायक माल बाजारातून परत घेण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला आहे आणि त्यासाठीची तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते, म्हणून फोटोंसह तसा अर्ज केला आहे. त्यावर निर्णय व्हायचा आहे.

तोपर्यंत ज्यांच्याकडे नळीचा रॅक आहे, त्यांनी हात मुख्य नळीला जोडलेला सांधा भर उजेडात पाहावा. तिथे रंगाला केसाएवढी बारीक रेघ दिसली किंवा गंज ओघळल्याचा डाग आढळला, तर त्या रॅकवर सायकल चढवू नये.