रंग न लावलेली सायकल

गेल्या रविवारी छत्रपती संभाजीनगरात हाताने बनवलेल्या सायकलींचे एक छोटेखानी प्रदर्शन भरले होते. अमेरिकेत २००५ साली ह्यूस्टनला आणि इंग्लंडमध्ये २०११ साली ब्रिस्टलला अशी प्रदर्शने सुरू झाली, त्यांच्यापुढे आपल्याकडचा हा मामला अगदीच घरगुती होता. मंगल कार्यालयाचा हॉल, भिंतीला लावलेल्या बारा-पंधरा सायकली आणि भर दुपारच्या उन्हामुळे तुरळक माणसे. तीन वाजता आत शिरलो तो साडेसहाला बाहेर पडलो. हौस होतीच, पण जाण्याचे खरे कारण माझी स्वतःची मोडलेली सायकल हे होते.

ही सायकल मी जुनीच विकत घेतली होती. क्रोमोली, म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाची, वजनाला हलकी. दौलताबादचा घाट चढून खुलताबादपर्यंत तिने मला अनेकदा सुखरूप नेले. मागच्या पावसाळ्यात पायडलच्या डब्याजवळच्या नळीला चीर गेली. एका वेल्डिंगच्या दुकानात ती जोडून घेतली आणि दोन महिन्यांत जोडाच्या अगदी लगत पुन्हा चीर पडली. दुकानदाराने दोष माझ्या वजनाला दिला.

प्रदर्शनातल्या बहुतेक सायकली रंगवून चकचकीत केलेल्या होत्या आणि लोक त्यांच्याच शेजारी उभे राहून फोटो काढत होते. मानवेल बांबूची एक सायकल होती, तिचे सांधे इपॉक्सी गोंदात भिजवलेल्या तागाच्या धाग्यांनी गुंडाळलेले. कौतुकाची वस्तू खरी, पण मी तिच्यापाशी फार रेंगाळलो नाही. कोपऱ्यातल्या टेबलावर मात्र रंगाचा एक थेंबही न लागलेली नुसती फ्रेम ठेवली होती आणि तिच्याभोवती कोणीच नव्हते. वाळूजच्या एका टूलरूममध्ये नोकरी करून रात्री फ्रेम बांधणारा एक तरुण तिच्यामागे बसला होता. मी त्याला चिरेची हकिगत सांगितली. काही न बोलता त्याने खोक्यातून उभी चिरलेली एक नळी काढली आणि माझ्या हातात दिली.

नळीच्या आतून बोट फिरवले, तेव्हा टोकाकडचा जाडसर पत्रा मध्याकडे हळूहळू पातळ होत गेलेला जाणवला. टोकांना ०.८ मिलिमीटर, मध्ये ०.५. सांध्यावर ताण जास्त म्हणून तिथे धातू जास्त आणि मधल्या भागात वजनाची बचत, असा हा हिशेब आहे. सायकलच्या नळ्यांसाठी नावाजलेल्या इंग्लंडच्या रेनॉल्ड्स कंपनीने अशा नळीचे पेटंट १८९७ सालीच घेतले होते. "काका, तुमच्या पातळ नळीवर त्यांनी गेटला मारतात तसा विजेच्या वेल्डिंगचा आर्क मारला असणार," तो म्हणाला. जोड नीट बसला, तरी त्याच्या लगतची पट्टी एकदम तापून एकदम गार होते, त्यामुळे हे पोलाद तिथे कडक आणि ठिसूळ होते, आणि पुढची चीर नेमकी तिथूनच निघते. माझे वजन त्या दिवशी निर्दोष सुटले.

त्याच्या फ्रेमचे सांधे पितळेच्या डाखाचे होते. नळ्यांची टोके लगमध्ये, म्हणजे सांध्यावरच्या पोकळ पोलादी तुकड्यात, बसवायची, फ्लक्स लावायचा आणि गॅसच्या ज्योतीने सांधा लाल होईपर्यंत तापवायचा. फ्लक्स हा तापलेला धातू स्वच्छ ठेवणारा लेप, म्हणजे मुख्यतः आपला टाकणखारच. पितळ साधारण ९०० अंशांना वितळते, पोलादाला त्यासाठी १,५०० अंशांच्या आसपास जावे लागते. म्हणून नळी न वितळता शाबूत राहते आणि दिव्याच्या वातीने तेल ओढावे तसे नळी व लग यांच्यातली बारीक फट पितळ ओढून घेते. लगच्या कडेला सगळीकडून पिवळी रेघ दिसली, म्हणजे पितळ आत सर्वत्र पोचले. ती रेघ मी चष्मा वर करून, नाक लावून पाहिली. केसाइतकी बारीक आणि सलग होती. एका ठिकाणी मात्र कानशीचे ओरखडे राहिले होते, ते त्याने स्वतःहून दाखवले. रंग चढल्यावर यातले काहीच दिसत नाही, म्हणून तर फ्रेम उघडी आणली, असे तो म्हणाला. सबंध हॉलमधला हाच एक माणूस मला खऱ्या अर्थाने आपले काम दाखवत होता.

दूधवाल्यांच्या जुन्या काळ्या सायकलींचे सांधेही असेच लग बसवून, पितळ ओतून केलेले असतात. वीस किलोंच्या आसपास वजनाची ती सायकल दोन्ही बाजूंना कॅन लटकवून वर्षानुवर्षे चालते. प्रदर्शनात मात्र कॅरिअर लावलेली सायकल एकच होती, आणि त्यावर फार तर डबा राहिला असता.

निघताना माझ्या सायकलीचे काय करावे, हे मी विचारले. जुना जोड कापून नळीच बदलावी लागेल, असे तो म्हणाला आणि मग मला चपला काढून भिंतीला पाठ लावून उभे केले. एक जाड वही दोन्ही पायांमध्ये घट्ट वर सरकवली आणि तिच्या वरच्या कडेपासून फरशीपर्यंत टेप लावला. ८१ सेंटीमीटर. माझ्या सायकलीचा दांडा किती उंच आहे, असे त्याने विचारले, तेव्हा मला सांगता आले नाही. घरी येऊन मोजला, तर ८३ भरला.

सिग्नलला मी नेहमी फुटपाथ गाठूनच का थांबतो, ते मला त्या संध्याकाळी कळले.