पुलाची होडी करताना

आमच्या प्रकल्पाचं नाव 'अक्षरपूल' होतं. जुन्या फॉन्टांत टाइप केलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतांत, आणणारं एक छोटं पायथॉन पॅकेज, म्हणजे इतरांना आपल्या प्रोग्राममध्ये वापरता येणारा तयार कोड. सुरुवात मिरजेच्या काकांच्या छापखान्यामुळे झाली. त्यांच्याकडे पेजमेकरमध्ये वर्षानुवर्षांच्या लग्नपत्रिका, स्मरणिका आणि दिवाळी अंक पडून होते, आणि नव्या संगणकावर त्यांतला मजकूर उघडला की अक्षरांच्या जागी रोमन चिन्हांचा कचरा दिसायचा. त्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी दिसते तशीच, म्हणजे अक्षराच्या आधी, साठवलेली असते. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर येते. रफाराचं बरोब्बर उलट. या काठावरून त्या काठावर नेणारा तो पूल. नाव ठेवायला पाच मिनिटं लागली होती. बदलायला साडेचार महिने लागले.

बदलायचं कारण असं, की मराठीत 'पूल' एकच असला तरी रोमन लिपीत तो तीन प्रकारे लिहिला जातो. पी-यू-एल, पी-डबल ओ-एल आणि गिट या कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्राममधल्या 'पुल' आज्ञेच्या सवयीने बोट घसरलं की पी-यू-डबल एल. आमचं खरं पॅकेज डबल ओवालं. एका ग्रंथालयातल्या कर्मचाऱ्याने फोनवर नाव ऐकून पी-यू-एल टाइप केलं, आणि 'असं पॅकेज सापडत नाही' असं उत्तर आलं म्हणून मला फोन केला. मी हसलो, मग रात्री विचार करत बसलो. उद्या कुणी त्या स्पेलिंगने काहीतरी विषारी पॅकेज पायपीआयवर, म्हणजे पायथॉन पॅकेजांच्या सार्वजनिक संग्रहावर, चढवलं तर? नावाशी मिळतंजुळतं नाव घेऊन लोकांच्या संगणकात शिरणं हा जुना धंदा आहे. तिन्ही नावं आपणच अडवून ठेवावीत असंही एकाने सुचवलं, पण रिकामी पॅकेजं टाकून जागा धरणं मला रेल्वेत रुमाल टाकण्यासारखं वाटतं.

नवं नाव शोधताना 'सेतू' सगळ्यांच्या तोंडी पहिलं आलं. ते मी हाणून पाडलं. महाराष्ट्रात सेतू म्हटलं की माणूस उत्पन्नाचा दाखला मागायला येतो. 'नाव' हा शब्दही कुणीतरी पुढे केला, होडी या अर्थी. 'नाव बदलली' की 'नाव बदललं' यावरच अर्धा तास गेला आणि तो प्रस्ताव आपोआप बुडाला. शेवटी 'अक्षरहोडी'. दहा जणांना व्हॉट्सॲपवर सांगितलं की होडी रोमनमध्ये लिहून पाठवा. दहाही जणांनी एकच स्पेलिंग पाठवलं. दुसरं एक कारण होतं, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. त्याकडे येतो.

पहिल्यांदा बसून मी ठरवलं की काय बदलायचं नाही. मुंबईत व्हीटीचं १९९६ मध्ये सीएसटी झालं आणि २०१७ मध्ये सीएसएमटी. पाट्या बदलल्या, स्थानकाचा रेल्वे कोड बदलला. पण जुन्या तिकिटावर जे छापलं गेलं ते कुणी खोडायला जात नाही. त्या न्यायाने आमची बदलनोंदींची फाइल, जुन्या आवृत्त्यांचे टॅग, कमिटमधले (गिटमधल्या एकेका नोंदीतले) संदेश यांना हात लावायचा नाही. तिथे अक्षरपूलच राहणार, कारण तेव्हा तो अक्षरपूलच होता. आणि टॅक्सीवाल्याला आजही 'व्हीटी' म्हटलं तर तो बरोबर नेतो, तसं जुन्या नावाने हाक मारणाऱ्या प्रोग्रामलाही काही काळ ओ द्यायची.

मोह एक झाला होता. पायथॉनमध्ये चित्रांसाठी पिलो नावाचं पॅकेज सगळे वापरतात, पण कोडमध्ये आयात करताना, म्हणजे ते वापरायला बोलावताना, आजही पीआयएल असंच लिहावं लागतं, कारण ते पीआयएल या जुन्या प्रकल्पातून फुटून निघालं. आपणही वरची पाटी बदलावी आणि आतलं तसंच ठेवावं का? काम एका संध्याकाळीत झालं असतं. पण पिलोच्या पाठीशी अफाट जुना कोड होता. आमचे वापरणारे मोजून दोनशे. नवख्याला 'इन्स्टॉल करताना होडी, वापरताना पूल' हे जन्मभर समजावत बसण्यापेक्षा एकदाच घाम गाळलेला बरा, असं मी ठरवलं. (फायरफॉक्सवाल्यांची आठवण काढून धीर घेतला. त्यांनी २००२ मध्ये फिनिक्स, २००३ मध्ये फायरबर्ड आणि २००४ मध्ये फायरफॉक्स अशी तीन नावं पाहिली. आमची तर दुसरीच वेळ.)

कोडमध्ये मी पहिलीच मोठी चूक केली. सेड या मजकुरात शोधून बदल करणाऱ्या आज्ञेची एक ओळ लिहिली: जिथे पी-डबल ओ-एल दिसेल तिथे होडी. एंटर दाबलं. टेस्ट चालवल्या तर एकशे चौदापैकी नव्वद लाल, म्हणजे नापास. पायथॉनचं म्हणणं होतं की त्याच्या मल्टिप्रोसेसिंग या भागात 'होडी' नावाचं काही नाही. बरोबरच होतं. अनेक फाइली एकदम रूपांतरित करायला आम्ही पायथॉनचाच प्रोसेस पूल वापरत होतो, आणि त्याचीही मी होडी करून टाकली होती. काकांच्या प्रिंटरसाठी लिहिलेल्या फाइलीत 'स्पूलर'चं 'एसहोडीईआर' झालेलं. ती ओळ मी अजून जपून ठेवली आहे.

मग सगळं मागे घेतलं आणि शहाण्यासारखं कागदावर तक्ता काढला. आमचं नाव किती रूपांत वावरतं? सगळी लहान अक्षरं, वर्गाच्या नावात सुरुवातीचं मोठं, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (प्रोग्रामला बाहेरून दिलेल्या सेटिंगमध्ये) सगळी मोठी, मध्ये आडवी रेघ, मध्ये खालची रेघ, आणि देवनागरी. पायपीआय आडवी रेघ, खालची रेघ आणि टिंब यांत फरक करत नाही, पण पायथॉनच्या आयातीत आडवी रेघ चालतच नाही. त्यामुळे एकच नाव दोन ठिकाणी दोन वेशांत असतं. प्रत्येक रूपासाठी वेगळा बदल, वेगळी कमिट, आणि प्रत्येक कमिटनंतर टेस्ट.

फाइली हलवण्याची कमिट मी मुद्दाम वेगळी ठेवली. गिट नामांतराची नोंद ठेवतच नाही. एक फाइल गेली आणि तिच्यासारखी दुसरी आली, एवढंच पाहून तो अंदाज बांधतो, आणि एरवी ५० टक्के साम्य असलं की 'हीच ती' म्हणतो. आमच्या काही फाइली पाच-सहा ओळींच्या. हलवतानाच आतलंही नाव बदललं असतं तर साम्य निम्म्याखाली गेलं असतं आणि त्या फाइलीचा मागचा इतिहास शोधताना साखळी तुटली असती. आधी फक्त हलवा, कमिट करा, मग आत हात घाला.

जुन्या आयातीसाठी एक छोटं मॉड्यूल (कोडची फाइल) ठेवलं, जे नव्याकडे पाठवतं आणि इशारा देतं. इथेही एक खाच. पायथॉनचा 'डेप्रिकेशन वॉर्निंग' ('हे पुढे बंद होणार') हा प्रकार सहसा दडवला जातो, शेवटच्या वापरणाऱ्याला दिसत नाही. दोन आठवडे कुणाची तक्रार आली नाही म्हणून मी खूश होतो. इशारा कुणाला दिसलाच नव्हता. 'फ्यूचर वॉर्निंग' हा सगळ्यांना दिसणारा प्रकार केल्यावर दुसऱ्याच दिवशी चार मेल आले. पायपीआयवर पॅकेजचं नाव बदलायची सोय नाही, म्हणून नवं पॅकेज चढवलं आणि जुन्याची शेवटची आवृत्ती म्हणजे फक्त पोकळ डबा, जो नव्यावर अवलंबून आहे.

गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर रेपोचं, म्हणजे प्रकल्पाच्या कोठाराचं, नाव बदललं की जुना पत्ता आपोआप नव्याकडे नेतो, हे मला माहीत होतं. पण दस्तऐवजांची (वापराच्या माहितीची) जी साइट गिटहब पेजेस या त्यांच्याच वेबसाइट-सेवेवर होती, तिच्या पत्त्याला ही सोय नाही. आणि नेमका त्याच पत्त्याचा क्यूआर कोड आम्ही पत्रकांवर छापून ग्रंथालयांत वाटला होता, तोही काकांच्याच छापखान्यात. कोड स्कॅन केला की '४०४', म्हणजे पान सापडत नाही. जुन्या नावाचा नवा रेपो काढून तिथून पुढे ढकलावं, तर रेपोच्या पत्त्याची आपोआप चालणारी सोय मोडते, कारण जुन्या नावाने दुसरा रेपो उभा राहिला की गिटहब तिकडेच नेतो. दोन दिवस डोकं खाल्ल्यावर सुचलं: खात्याच्या मुख्य साइटच्या रेपोत जुन्या नावाचं एक फोल्डर करायचं आणि त्यात पुढे नेणारं एक पान ठेवायचं. पत्ता तोच बनतो, रेपोला धक्का नाही.

इथवरचं सगळं तीन आठवड्यांत उरकलं. इंग्रजी दस्तऐवज एका संध्याकाळी. उरलेला सगळा काळ मराठी दस्तऐवजांनी खाल्ला.

मी देवनागरी 'अक्षरपूल' शोधला, बदलला आणि मराठी विभाग संपला असं जाहीर केलं. आमच्या सोसायटीत एक निवृत्त मराठीच्या शिक्षिका आहेत, आम्ही त्यांना बाई म्हणतो. त्या मजकूर तपासून देतात. त्यांनी पहिलं पान वाचून विचारलं, "अरे, तुझी होडी चालतो?" मी पाहिलं. 'अक्षरहोडी हा मजकूर वाचतो, तपासतो आणि नवी फाइल तयार करतो.' पूल पुल्लिंगी, होडी स्त्रीलिंगी. क्रियापदं, विशेषणं, 'आमचा', 'नवा', 'जुना', 'तो', सगळं फिरवायचं होतं, आणि तेही जिथे ते होडीबद्दल असेल तिथेच. 'आमचा अक्षरपूल'चं 'आमची अक्षरहोडी' होतं, पण 'अक्षरपुलाचा वेग'मधला 'चा' वेगाचा आहे, तो तसाच राहतो. हे कुठल्याही सेडला कळत नाही.

आणि 'अक्षरपुलाचा' तर माझ्या शोधात आलंच नव्हतं! मूल-मुलाला, तसं पूल-पुलाला. सामान्यरूपात ऊकार ऱ्हस्व होतो, पुढे आकार लागतो. दीर्घ 'पूल' शोधणाऱ्या मला ऱ्हस्व 'पुला' सापडणार कसा? दस्तऐवजांत प्रथमेपेक्षा विभक्तीची रूपंच जास्त होती. मग पायथॉनमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशन, म्हणजे शोधायच्या मजकुराचा साचा, लिहिलं. काहींनी चुकून 'अक्षरपुल' असं ऱ्हस्व लिहिलं होतं, तेवढं सुटं रूप पकडायला 'शब्द इथे संपतो' अशी खूण लावली. पायथॉनचं मूळ रेग्युलर एक्स्प्रेशन मॉड्यूल मात्रा-वेलांट्यांना शब्दाचा भाग मानत नाही. त्याच्या लेखी 'पुलाचा'मध्ये 'ल'नंतर शब्द संपला. निकाल: 'अक्षरहोडीाचा'. वेलांटीवर लोंबणारा काना आणि त्याखाली ते ठिपक्यांचं वर्तुळ, शंभरेक ठिकाणी. तुटकी अक्षरं दुरुस्त करणाऱ्या प्रकल्पाच्या दस्तऐवजांत! मात्रा ओळखणारं दुसरं मॉड्यूल बसवलं तेव्हा सुटका झाली. काही जागी तरीही नाव सापडत नव्हतं. तिथे 'र' आणि 'प' यांच्यात डोळ्यांना न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर निघाला, कुठल्याशा जुन्या फाइलीतून चिकटून आलेला.

तेव्हा 'होडी'चा दुसरा गुण ध्यानात आला. होडीचा, होडीने, होडीत: रूप बदलतच नाही. पुन्हा कधी नाव बदलायची वेळ आली तर शोधणं सोपं जाईल. बाई म्हणाल्या, "आता पुन्हा कशाला बदलतोस?"

हिंदी अनुवादातलं गणित वेगळं. हिंदीत पुल मुळातच ऱ्हस्व, त्यामुळे तिथे सगळीकडे 'अक्षरपुल' होतं आणि ते बरोबर होतं. शिवाय मूळ इंग्रजी संदेशांत नाव बदलल्यावर भाषांतराच्या फाइलीतले ते सगळे संदेश 'फझी' ठरले, म्हणजे माणसाने पाहून मंजूर करेपर्यंत प्रोग्राम ते वापरत नाही. हिंदीत काम करणाऱ्यांच्या पडद्यावर महिनाभर अर्धं इंग्रजी दिसत होतं.

सगळ्यात शेवटी रूपकं. दस्तऐवजांच्या प्रकरणांना मी हौसेने 'खांब', 'कमानी', 'टोलनाका' अशी नावं दिली होती. होडीला खांब कुठून आणणार? 'वल्हं', 'शीड', 'नांगर' असं सगळं नव्याने बेतलं. चुकीच्या फाइलीवर येणारा 'पूल तुटला' हा संदेश मी उत्साहात 'होडी बुडाली' असा केला. एका वकिलांनी कळवलं की अशिलाचं मृत्युपत्र रूपांतरित करताना हे वाचायला बरं वाटत नाही. आता तिथे साधं 'फाइल वाचता आली नाही' असं येतं. मुळातच तसं असायला हवं होतं.

आता प्रत्येक नव्या बदलावर एक तपासणी चालते: जुनं नाव कुठे उगवलं तर बदल अडतो. सूट मिळालेल्या फाइलींची यादी वेगळी ठेवली आहे, अकरा फाइली. त्यांतली एक वापरणाऱ्याच्या संगणकावर जुन्या नावाचं सेटिंगचं फोल्डर शोधते. पुढच्या मोठ्या आवृत्तीत ती काढायची असं ठरलं होतं. पण त्या फोल्डरात काकांचा आडनावांचा शब्दकोश आहे, हाताने भरलेला, आणि लग्नसराई संपेपर्यंत त्यांच्या संगणकाला कुणीही हात लावायचा नाही असं त्यांनी बजावलं आहे.