डोपामिनची टेस्ट मिळेल का?

मी लॅबच्या हॉर्मोन विभागात काम करते. टीएसएच, प्रोलॅक्टिन, कॉर्टिसॉल, इन्सुलिन हा आमचा रोजचा रतीब. अलीकडे मात्र काउंटरवर एक नवी मागणी वरचेवर येते. "ताई, डोपामिन आणि सेरोटोनिन बघायचंय. हल्ली मूडच लागत नाही." आमच्या यादीत ते नाही म्हटलं की समोरचा माणूस नाराज होतो. "मग हॉर्मोनच्या टेस्ट करता म्हणजे काय करता?"

प्रश्न चुकीचा नाही. डोपामिन, सेरोटोनिन हे न्यूरोट्रान्समीटर, म्हणजे चेतापेशींचे निरोप्ये. हॉर्मोन काय आणि न्यूरोट्रान्समीटर काय, दोन्ही रसायनं, दोन्ही निरोप पोचवतात, दोन्ही रिसेप्टरला, म्हणजे पेशीच्या निरोप पकडणाऱ्या रेणूला, चिकटूनच काम करतात. फरक आहे तो निरोपाने कापलेल्या अंतराचा, आणि काम झाल्यावर त्याचं काय होतं याचा.

हॉर्मोन म्हणजे दवंडी. थायरॉइडने थायरॉक्सिन रक्तात सोडलं की ते सगळीकडे फिरतं, आणि ज्या पेशीकडे रिसेप्टर आहे तिलाच ते 'ऐकू' येतं. फिरत असतं म्हणूनच मला दंडाच्या शिरेतून सुई घालून ते पकडता येतं. न्यूरोट्रान्समीटरचं तसं नाही. एका चेतापेशीचं टोक आणि पुढची पेशी यांच्यात साधारण 20 नॅनोमीटरची फट असते; या जोडाला सिनॅप्स म्हणतात. केसाच्या जाडीत अशा काही हजार फटी मावतील. रसायन त्या फटीत सुटतं, अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास पलीकडे परिणाम दिसू लागतो, आणि लगेच आवराआवर सुरू होते. डोपामिन, सेरोटोनिन बहुतेक सगळं सोडणारी पेशीच परत आत ओढून घेते. अ‍ॅसिटाइलकोलिन या आणखी एका न्यूरोट्रान्समीटरचे तर एक एन्झाइम जागच्या जागी तुकडे करतं. रक्तापर्यंत येणार काय?

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट प्रमाणाची आहे, कारण आमचं मशीन त्याच्याशीच झगडतं. फ्री टी-4 चा, म्हणजे रक्तात मोकळ्या फिरणाऱ्या थायरॉक्सिनचा, रिपोर्ट आम्ही पिकोमोलमध्ये देतो, लिटरमागे पंधरा-वीस पिकोमोल म्हणजे ठीकठाक. आणि सिनॅप्सच्या फटीत? क्षणभरासाठी अ‍ॅसिटाइलकोलिन लिटरमागे एक मिलिमोलच्या घरात जातं. म्हणजे काही कोटी पटींनी जास्त. त्यामुळे दोन्हीकडचे रिसेप्टरही वेगळ्या स्वभावाचे. हॉर्मोनचा रिसेप्टर इतक्या विरळ रसायनातूनही आपला रेणू ओळखतो आणि घट्ट धरून ठेवतो. फटीतल्या रिसेप्टरला घट्ट धरून चालतच नाही. त्याने पटकन सोडलं नाही तर पुढचा निरोप घेणार कसा? बोट हलवायचं आणि लगेच थांबवायचं असेल तर पकड सैलच हवी.

वेळेचा हिशोबही तसाच. थायरॉक्सिन निम्मं व्हायला सुमारे सात दिवस लागतात. गोळीचा डोस बदलून आठवड्याभरात "परत बघा ना" म्हणत येणाऱ्यांना मी सहा आठवडे थांबायला सांगते ते यामुळे. पण सगळी हॉर्मोन्स अशी निवांत नसतात. इन्सुलिन रक्तात काही मिनिटांतच निम्मं होतं. त्यामुळे 'हॉर्मोन हळू, न्यूरोट्रान्समीटर जलद' हे शाळेतलं वाक्य मला अर्धवट वाटतं.

आता मूडवाल्या मंडळींकडे वळू. डोपामिन रक्तातून मेंदूत जाऊ शकत नाही, रक्त आणि मेंदू यांच्यातला अडसर ते ओलांडत नाही. म्हणून पार्किन्सनच्या रुग्णाला डोपामिन न देता लेव्होडोपा देतात. ते आत जातं आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. शरीरातलं बहुतांश सेरोटोनिन आतड्यात बनतं आणि रक्तातलं जवळजवळ सगळं प्लेटलेट्समध्ये साठलेलं असतं. लघवीतलं डोपामिन? ते प्रामुख्याने मूत्रपिंडच तयार करतं. त्यामुळे लघवीवरून 'मेंदूतील रसायनांचा समतोल' सांगणारी पॅकेजेस विकली जातात तेव्हा माझं डोकं फिरतं. आतड्यातल्या विशिष्ट गाठीच्या शंकेने सेरोटोनिनच्या विघटनातून उरलेला पदार्थ लघवीत मोजतात, ती टेस्ट खरी आणि उपयोगाची. तिचा उदासीशी संबंध नाही.

गंमत म्हणजे हा सगळा फरक माणसाला कळला तो एका ठिकाणचा द्रव दुसरीकडे नेऊन. 1902 साली बेलिस आणि स्टार्लिंग या शास्त्रज्ञांनी आतड्याच्या एका भागाच्या नसा, म्हणजे मज्जातंतू, तोडल्या, आत आम्ल घातलं, तरी स्वादुपिंड पाझरलं. मग आतड्याचं अस्तर आम्लात घोटून तो अर्क शिरेत टोचला, तेव्हाही तेच घडलं. नस नव्हती, निरोप रक्तातून गेला होता. तो सिक्रेटिन. पुढे 1921 मध्ये ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयाची व्हेगस नस उद्दीपित केली, हृदय मंदावलं. त्याच्या भोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, तेही मंदावलं. म्हणजे नससुद्धा शेवटी रसायनच सोडते. ते रसायन अ‍ॅसिटाइलकोलिन. 1936 मध्ये लोवी यांना हेन्री डेल यांच्यासोबत नोबेल मिळालं.

इथवर कप्पे स्वच्छ वाटतात. माझ्या टेबलावर येईपर्यंत ते विस्कटतात. मेटानेफ्रिन, म्हणजे अ‍ॅड्रेनलिन-नॉरअ‍ॅड्रेनलिनच्या विघटनातून उरणारा पदार्थ, त्याच्या टेस्टला आम्ही माणसाला आधी अर्धा तास आडवं झोपवतो. लोक वैतागतात, पण नुसतं उभं राहिल्यानेही रक्तातलं नॉरअ‍ॅड्रेनलिन साधारण दुप्पट होतं. ते येतं कुठून? बरंचसं सिंपथेटिक, म्हणजे ताणाच्या वेळी शरीराला सज्ज करणाऱ्या, नसांच्या टोकांमधून सांडलेलं असतं. फटीतली आवराआवर शंभर टक्के होत नाही, थोडं रक्तात गळतंच. आणि अ‍ॅड्रेनल ग्रंथीचा आतला गाभा म्हणजे तरी काय? नसांच्याच कुळातल्या पेशी, ज्यांना पुढे जायला धागा फुटलाच नाही. त्या आपला माल, मुख्यतः अ‍ॅड्रेनलिन, थेट रक्तात ओततात.

डोपामिनसुद्धा एका ठिकाणी चक्क हॉर्मोनचं काम करतं. मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमधल्या चेतापेशी ते छोट्या रक्तवाहिन्यांमध्ये सोडतात, तिथून ते खालच्या पिट्युटरी ग्रंथीला पोचतं आणि तिचं प्रोलॅक्टिन हे हॉर्मोन दाबून ठेवतं. उलटीवरची मेटोक्लोप्रमाइड किंवा सायकोसिसवरची काही औषधं डोपामिनचा रिसेप्टर अडवतात, आणि प्रोलॅक्टिन वर जातं. असा रिपोर्ट वर दिसला की मी आधी विचारते, "काही गोळ्या चालू आहेत का?" मेंदूतलं डोपामिन मोजता येत नसलं तरी त्याचा अडलेला निरोप असा दुसऱ्याच आकड्यात उमटतो. म्हणून रेणूच्या नावावरून तो हॉर्मोन की न्यूरोट्रान्समीटर हे ठरवू नये. कुठे सुटला, हे विचारावं.

व्हासोप्रेसिन हे हॉर्मोन तर सरळ चेतापेशीतच बनतं. लांब धाग्यातून पिट्युटरीच्या मागच्या भागात उतरतं आणि तिथे फटीत न सुटता रक्तात सुटतं, मूत्रपिंडाला पाणी राखून ठेवायला सांगायला. रक्तातलं म्हणजे आमच्या हक्काचं, असं वाटेल. पण ते प्लेटलेट्सना चिकटतं, सॅम्पल ठेवलं तर खराब होतं. त्यामुळे हल्ली त्याच्याऐवजी कोपेप्टिन मोजतात. दोन्ही एकाच मोठ्या प्रथिनातून सारख्या प्रमाणात सुटतात आणि कोपेप्टिन नळीत नीट टिकतं.