फळा संपला तेव्हा

स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असं शाळेचं पत्र आलं आणि आठवी ‘ब’ची भिंत डोळ्यांसमोर आली. मी फक्त गणिताच्या सरांबद्दल लिहिणार आहे. बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये.

त्या दिवशी मला उशीर झाला होता. सरांनी छडीऐवजी खडू हातात दिला. “नऊ एक लिही. आता त्याला त्यानंच गुण.”

१११११११११ गुणिले १११११११११. नऊ ओळी, प्रत्येक एकेक घर डावीकडे सरकलेली. सहाव्या ओळीलाच फळा संपला. मी थांबलो. “थांबतोस कशाला? भिंत आहे की!” बेरीज उजवीकडून एक, दोन, तीन करत नवावर चढली आणि तशीच उतरत एकावर आली. हातचा कुठेच नाही. १२३४५६७८९८७६५४३२१. वर्गाने टाळ्या वाजवल्या, जणू शोध मीच लावला होता!

शोध देवळालीच्या शाळेतल्या मास्तरांचा, द. रा. कापरेकरांचा. अशा संख्यांना त्यांनी ‘डेम्लो’ नाव दिलं. डेम्लो म्हणजे आपली डोंबिवली. कल्पना तिथल्या स्टेशनवर सुचली म्हणून. या संख्येच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१नेच तिला नि:शेष भाग जातो. अशा संख्यांचं ‘हर्षद’ हे नावही त्यांचंच. भाग का जातो, हे सरांनी मधल्या सुट्टीत डबा बाजूला ठेवायला लावून माझ्याकडूनच वदवून घेतलं. नऊ एक म्हणजे १२३४५६७९ गुणिले ९ (यातला ८ गायब!), वर्ग केला की नवाचे ८१ होतात. दहावा एक जोडला की मात्र मधे हातचा येतो आणि डोलारा कोसळतो.

आज पुण्यात माझं स्वतःचं सी.ए.चं ऑफिस आहे. एवढं धाडस सरांमुळेच. परवा एक्सेलमध्ये ही संख्या टाकली, तर शेवटच्या २१चे ०० झाले. त्याला पंधराच अंक पेलतात. आर्टिकलशिपची मुलं म्हणाली, “सर, एवढ्याने काय फरक पडतो?” मी त्यांना कोरे कागद दिले आणि गुणाकार हाताने करायला लावला. दोघांचा चुकला.

बेरजेतले १२३४ भिंतीवर गेले होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत चुना लागेपर्यंत सरांनी ते कुणाला पुसू दिले नाहीत. गेल्या खेपेला पाहिलं, तिथे आता डिजिटल बोर्डाचा स्विच आहे.